लाल झेंडा लावला होता

भिवंडीजवळच्या कोन गावच्या हौसा भोईरला पोहायला कोणी शिकवलं नाही. घर खाडीच्या काठाला, बापाची मासेमारीची होडी, आणि आईच्या पदरात पाच मुली. कधीतरी ती पाण्यात पडली आणि बुडाली नाही, एवढंच तिला आठवतं. पुढे लग्न झालं तेही बाळाराम भोईरशी. तो रेतीच्या होडीवर होता. बांबू धरून खाडीच्या तळाशी जायचं, बादलीत रेती भरायची, दोराला हिसका द्यायचा आणि वर यायचं, असं ते काम. बाळाराम खाली गेला की वर दोर धरायचा त्याचा जोडीदार हरेश. हरेश वळ गावचा. दिवसभर एकाचा जीव दुसऱ्याच्या मुठीत, त्यामुळे दोघांची दोस्ती सख्ख्या भावांसारखी झाली होती.

बाळाराम पाण्यात नाही गेला, काविळीने गेला. मुलगी करिष्मा तेव्हा दुसरीत होती. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर हरेश ओट्यावर बसून राहिला आणि हौसाला बोलला, "मला बहीन न्हाय, तुला भाऊ न्हाय. यंदापासून भाऊबीज हितं."

त्याने शब्द पाळला. एक वर्ष चुकला नाही. हौसा भिवंडीत एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली, तेव्हा करिष्माच्या शाळेत पालक म्हणून हरेश जायचा. रेतीचा धंदा बंद पडला, वळच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. हरेशची जमीन रस्त्याला लागून होती. बघता बघता तो चार गोदामांचा मालक झाला. तरी हौसाच्या घरी आला की चपला बाहेर काढून सरळ चुलीपाशी जाऊन बसायचा. करिष्मा ग्रॅज्युएट झाली तेव्हा त्याने तिला आपल्या ऑफिसात घेतलं. तिचा नवरा देवेश, तोही हरेशच्याच गोदामात सुपरवायझर. करिष्मा लग्न होऊन वळला गेली ती जणू मामाच्याच गावी.

मग एका पावसाळ्यात खाडी गावात शिरली. कोनच्या खालच्या आळीत छातीएवढं पाणी. हरेश आणि हौसा दोघांनी मिळून एका जुन्या होडीतून दिवसभर माणसं काढली. बाळंतीण काढली, बिहारी लूम कामगारांची एक अख्खी खोली काढली, धोंडूबाईला, म्हणजे हौसाच्या सासूला, ती नको नको म्हणत असताना खाटेसकट काढली. पाणी उतरल्यावर चिखलात बसून दोघं चहा पीत होती. हौसा बोलली, "खाडीच्या काठाला राहून पोरींना पोवता येत न्हाय हरेश. लाज वाटाया पायजे."

त्यातून क्लब निघाला. नाव मोठं होतं, कोन खाडी जलक्रीडा मंडळ. पण सगळे क्लबच बोलायचे. अध्यक्ष हरेश. पगार कोणालाच नाही. कोणी लूमवरची शिफ्ट संपवून यायचं, कोणी दुकान बंद करून. गोदामांतून टाकून दिलेले निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, माल ठेवायच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या आणल्या, आणि ड्रमांवर फळ्या बांधून पाण्यावर तरंगणारा धक्का तयार केला. भरतीला तो वर यायचा, ओहोटीला खाली जायचा. हरेशने जुन्या कयाक, एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, घेऊन दिल्या, आणि एक मशीनची छोटी बोट. ती बोट हौसाकडे. कोणी अडचणीत आलं तर तिने जायचं.

पोरी पोहायला शिकल्या. नंतर बाहेरचे लोक यायला लागले. वसईकडून भरतीबरोबर शिडाच्या छोट्या होड्या, कयाक घेऊन शनिवारी यायचे, धक्क्याला होड्या बांधायचे, रात्री गावात मुक्काम करायचे आणि रविवारी ओहोटीबरोबर परत जायचे. त्यांच्यातलाच एक जण धक्क्याकडे बघून हसत बोलला, "ही तर तुमची मरीना झाली." होड्या बांधायच्या तळासाठीचा तो शब्द गावाने उचलला. धोंडूबाईने विचारलं, "मरीना म्हंजे? जो मरी ना, तो?" आणि मग गावात कोणी फार दिवस आजारी असलं की त्याला मरीनात पाठवा म्हणायची रीत पडली.

वसईच्या त्या मंडळींत जसिंता डाबरे होती. चोवीस वर्षांची, बँकेत नोकरीला, आणि पाण्यात उतरली की तोंड एक क्षण बंद नाही. मुक्कामाला ती हौसाच्याच घरी. येताना सुकेळी, वसईची वाळवलेली केळी, आणायची, जाताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घेऊन जायची. हौसाने तिला या खाडीचं पाणी समजावून दिलं होतं. "भरतीचं पानी भोळं असतं. ओहोटीचं न्हाय. त्यातही पुनवेचं. आनि पुलाच्या खांबांपाशी तर ते माणूस ओढून धरतं." म्हणूनच क्लबचा एक नियम होता, हौसाने घातलेला आणि हरेशने पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांकडून हात वर करून मान्य करून घेतलेला. पाणी फिरलं की हौसा धक्क्याच्या काठीवर लाल झेंडा लावणार. झेंडा वर असेपर्यंत कोणीही पाण्यात जायचं नाही, मग तो अध्यक्ष असला तरी. पाहुण्यांना धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर हेच पहिलं सांगितलं जायचं.

त्या वर्षी कोजागिरीला क्लबचा वार्षिक कार्यक्रम होता. हरेशने मोठी तयारी केली होती. मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. ठाण्याचे काही बांधकामवाले पाहुणे येणार होते. त्यांना क्लब आवडला तर इथे पक्की जेट्टी होईल, खरीखुरी मरीना होईल, असं त्याच्या डोक्यात होतं. वसईची मंडळी सकाळच्या भरतीबरोबर आली होती.

पाहुणे उशिरा आले. दुपारी पाणी फिरलं. हौसाने झेंडा लावला आणि ती धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला गेली, कारण पाणी उतरायला लागलं की पाहुण्यांच्या होड्यांचे दोर सैल करावे लागतात, नाहीतर होडी दोराला लोंबकळते. पाच-सहा होड्या होत्या. ती वाकून एकेक गाठ सोडत, बांधत होती. मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. लाऊडस्पीकरवर हरेशचा आवाज आला, वसईचे आपले मित्र आता पुलाला फेरी मारून दाखवतील म्हणून.

हौसा ताठ उभी राहिली. काठीवर झेंडा नव्हता. ती धावत आली. काठीशेजारी करिष्मा उभी होती, हातात घडी केलेलं लाल कापड.

"कोनी काढला?"

"मामांनी," करिष्मा बोलली. "पाच मिन्टांची गोष्ट हाय बोलले. माझ्या हातात दिला, घडी करून ठेव बोलले."

तोवर तीन कयाक पुलाकडे निघाल्या होत्या. पुढे जसिंता. तिने मागे वळून हात हलवला, नेहमीसारखा.

हौसा बोटीकडे पळाली. मशीन चालू करेपर्यंत पहिली कयाक खांबापाशी आडवी झाली होती. मागच्या दोन कयाक एकमेकींवर आदळून उलटल्या. त्यातला एक जण हौसाला लगेच सापडला, दुसरा खांबाला मिठी मारून होता, त्याला तिने केसांना धरून बोटीत ओढलं. जसिंताची कयाक खांबाला चिकटून उलटी अडकली होती आणि जसिंता तिच्या खाली होती. हौसाने बोट त्या दोघांच्या हवाली केली आणि उडी मारली. दोनदा गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा कयाक सुटून वाहत चालली होती, रिकामी. संध्याकाळी खालच्या अंगाला कोळ्यांना जसिंता सापडली.

चार दिवसांनी हरेश आला. चपला बाहेर काढल्या, चुलीपाशी बसला. डोळे सुजलेले होते, तो रडला होता यात शंका नाही. हौसाने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. तिला वाटलं, हा आता म्हणेल, ताई, माझ्या हातून पाप झालं.

तो बोलला, "ताई, उद्या पोलीस जबानी घेनार. मी विचार करून आलोय. आपन असं सांगू, का झेंडा लावायचा राहून गेला."

हौसाला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"गडबडीचा दिवस होता. तू दोर सोडायला गेलीस, झेंडा राहिला. माणूस इसरतो. तुला कोन काय करनार हाय? बाईमाणूस, पगार न्हाय, पद न्हाय. अपघात म्हनून सोडून देतील. माझं नाव आलं तर क्लब गेला, धक्का गेला. तू उभा केलायस तो. आनि करिष्मा, देवेश, त्यांची पन रोजीरोटी माझ्यापाशीच हाय. मी त्यांचं वाईट चितीन का? पन मीच उरलो न्हाय तर?"

"त्या पोरीला आपला नियम मी शिकवला हरेश," हौसा बोलली. "झेंडा न्हाय म्हनून ती गेली. आनि आता मी सांगू, मी लावलाच न्हाय?"

"ताई, गेलेली परत येनार हाय का?"

"तू जा."

तो गेला. हौसाला त्या रात्री एकच आधार होता, की करिष्माने पाहिलं आहे.

जबान्या क्लबच्याच पत्र्याच्या खोलीत झाल्या. हौसाने झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हरेशने सांगितलं की झेंड्याची जबाबदारी हौसाताईंची, आणि त्या दिवशी तो लावायचा राहून गेला; मी लाऊडस्पीकरवर बोलायच्या आधी काठीकडे बघितलं, काठी रिकामी होती. मांडवातले बाकीचे जेवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. ज्यांनी पाहिला असेल तेही नक्की सांगता येत नाही म्हणाले. त्यांतल्या दोघींना हौसाने हाताखाली हात धरून पोहायला शिकवलं होतं.

शेवटी करिष्माला विचारलं. हौसा दाराबाहेर बाकड्यावर होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही धक्क्यावरच होतात. झेंडा पाहिला का?"

आत खुर्ची करकरली.

"न्हाय," करिष्मा बोलली. "मी झेंडा पाहिला न्हाय."

बाहेर आली तेव्हा ती आईसमोरून गेली. थांबली, ओढणी सारखी केली, बोलली, "आई, तुला काय व्हनार न्हाय. मामा बघून घेनारेत." आपल्या पोटच्या पोरीला काय विचारायचं हेच तिला सुचेना.

खरंच तिला काही झालं नाही. अपघात म्हणून नोंद झाली. क्लब काही दिवस बंद राहिला. मग सभा झाली आणि हरेश उभा राहून बोलला, हौसाताईंनी आयुष्यभर या खाडीची सेवा केली, आता त्यांचं वय झालं, कधी कधी विसरायला होतं. झालेल्या चुकीबद्दल आपण सगळ्यांनी त्यांना मोठ्या मनाने माफ करावं आणि बोटीच्या कामातून विश्रांती द्यावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसा मागच्या खुर्चीवर बसली होती. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट दिल्या असत्या. माफ केल्यावर काय बोलायचं? ती उठली आणि घरी आली. त्यानंतर लूमवरसुद्धा बायका तिला जपून वागवायला लागल्या, हातातलं जड काम काढून घ्यायला लागल्या. विसरणारी बाई.

भाऊबीजेला करिष्मा आली होती, देवेश आणि पोरगी मृणाली यांच्यासह. बाप-लेक फटाके घ्यायला नाक्यावर गेले होते. हौसा आत करंज्या काढत होती. बाहेर आली तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर हरेश. हातात नेहमीसारखी साडीची पिशवी. पाट करिष्माने मांडला होता. तबकही तिनेच तयार करून ठेवलं होतं, निरांजन लावून.

हौसाने तबक उचललं. हरेशच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"हितं आपन तिघंच हाव," ती बोलली. "पोलीस न्हाय, पेपरवाला न्हाय. एकदाच सांग. मी झेंडा लावला व्हता का न्हाय?"

"ताई, सनाचा दिवस हाय."

"म्हनून तर इचारते."

हरेशने साडीची पिशवी पुढे केली. "झालं ते झालं. मी तुला काय कमी पडू देनार हाय का?"

"बाळाराम खाली जायचा तवा दोर तुझ्या हातात असायचा," हौसा बोलली. "आता मना वाटतं, त्याचं नशीब थोर, का तो काविळीनं गेला. ऊठ पाटावरनं."

तो उठला. साडीची पिशवी तिथेच राहिली. करिष्मा चिडून बोलली, "आई, त्यांनी आपल्यासाठी काय काय केलं, सगलं इसरलीस?" बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. हौसाने पिशवी तिच्या हातात दिली आणि तबक आत नेऊन देवापुढे ठेवलं.

महिन्याभराने हौसा एकटीच एसटीने वसईला गेली. जसिंताचं घर विचारत विचारत सापडलं. दारात केळीची झाडं होती. जसिंताची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. हौसाने नाव सांगितलं तशी ती उभी राहिली. बस म्हणाली नाही.

"मी झेंडा लावला व्हता," हौसा बोलली. "एवढंच सांगायला आले."

"पेपरात तर वेगळंच होतं."

"तो काढला. आमच्या अध्यक्षांनी काढला."

"तुम्ही काढताना पाहिलं?"

"न्हाय. मी दोर सोडत व्हते."

"मग कोणी पाहिलं?"

हौसाच्या तोंडाशी नाव आलं आणि तिथेच राहिलं. हरेशचं नाव घेताना जीभ अडखळली नव्हती. जसिंताच्या आईने थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "बाई, माझी पोरगी तुमच्या घरी जेवायची. तुमचं इतकं सांगायची, की मला तुमचा हेवा वाटायचा. आता तुम्ही जा." हौसा परतली. लेकीला वाचवलं, असं तिने स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं.

लेकीशी बोलणं तिने तोडलं नाही. वळहून फोन यायचा, ती घ्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत करिष्माच बोलली, "मृणालीला पोवायला शिकव ना. आता आठ वर्सांची झाली." हौसा बोलली, "शिकवीन. पन क्लबात न्हाय." तिची थोरली बहीण आनंदीबाई गणेशपुरीला असते. हौसा नातीला घेऊन तिथे गेली. सकाळी ऊन चढायच्या आत दोघी नदीवर जायच्या. उन्हाळ्याचं पाणी संथ, कमरेएवढं. पोर धीट होती. तिसऱ्या दिवशी आजीच्या हाताचा आधार सुटला तरी पाठीवर तरंगायला लागली.

आकाशाकडे बघत तरंगता तरंगता ती बोलली, "आजी, तू मला इसरनार न्हाय ना पान्यात?"

"तुला गं कशी इसरीन?"

"मम्मी बोलते, आजीवर लक्ष ठेव, ती इसरते. त्या वसईच्या ताईच्या वेळी झेंडा लावायला इसरलेली, म्हनून ती ताई मेली."

हौसाचे दोन्ही हात पोरीच्या पाठीखालीच होते. तिने ते काढले नाहीत. पोरीला सावकाश उभी केली, काठावर आणली, टॉवेलने पुसली. करिष्मा पोलिसांपुढे खोटं बोलली ते भीतीने बोलली, नवऱ्याच्या नोकरीसाठी बोलली, असं हौसाने लेकीच्या बाजूने कितीतरी वेळा मांडून पाहिलं होतं. पण आठ वर्षांच्या पोरीपुढे, स्वतःच्या घरात, कोणी विचारलं नसताना?

"बस हितं," ती नातीला बोलली. "त्या दिवशी काय झालं ते मी तुला सांगते. सगलं सांगते."

तिने सांगितलं. नियम सांगितला, झेंडा लावल्याचं सांगितलं, कोणी काढला, कोणाच्या हातात दिला, आणि त्या माणसाने आजीला पोलिसांपुढे काय बोलायला सांगितलं, तेही सांगितलं. पोरीने मध्ये एकच विचारलं, "मग मम्मी खोटं बोलली?" हौसा बोलली, "हा."

वळला पोर पोचवायला गेली तेव्हा तिने करिष्माला दारातच सांगितलं, "मी हिला खरं काय ते सांगितलंय." करिष्माने मृणालीला आत पाठवलं. "लेकराच्या डोक्यात काय भरवतेस आई? उद्या ही शालेत बोलली, मामांच्या कानावर गेलं तर? आमचं घर मोडायचंय तुला?" ती रडत होती. हौसाने तिला जवळ घेतलं नाही. तिथून निघाली आणि दुसऱ्या दिवशी लूमवर खाडा करून वसईची एसटी धरली.

जसिंताची आई घरातच होती. या वेळी हौसा ओटीच्या पायरीवर आपणहून बसली.

"तुमी इचारलं व्हतं, कोनी पाहिलं. माझ्या लेकीनं पाहिलं. करिष्मा तिचं नाव. झेंडा तिच्याच हातात दिला व्हता. तवा मी बोलले न्हाय, कारन ती माझी हाय."

जसिंताची आई तिच्यासमोर ओटीवर बसली. मग तिने विचारलं, "हे तुम्ही पुन्हा पोलिसांत सांगाल? मुलीच्या नावासकट?"

"सांगीन."

पुढच्या सोमवारी त्या दोघी एकत्र गेल्या आणि हौसाने नवी जबानी दिली. त्याचं पुढे काय होईल ते अजून कोणाला माहीत नाही. क्लब चालू आहे. पक्क्या जेट्टीचं भूमिपूजन झालं. वसईच्या होड्या मात्र आता कोनला थांबत नाहीत. हौसा लूमवर जाते, संध्याकाळी घरी येऊन सासूला जेवायला वाढते. करिष्माला चौकशीला बोलावल्याचं तिला गावातल्या लोकांकडून कळलं. तेव्हापासून वळहून फोन आलेला नाही.